भांडवलशाही, समाजवाद आणि आपला नाशिक जिल्हा



भांडवलशाही बरी की समाजवाद बरा, हा वाद आपल्याकडे बहुधा परक्या देशांची नावे घेऊन घातला जातो. एक जण अमेरिकेची सुबत्ता सांगतो, तर दुसरा तिथल्या बेघरांकडे बोट दाखवतो. एक जण रशियाच्या पंचवार्षिक योजनांचे गोडवे गातो, तर दुसरा १९९१ साली सोव्हिएत संघ कसा कोसळला ते ऐकवतो. अशा वादाने संध्याकाळ चांगली जाते. पण आपल्या घरच्या चुलीशी त्याचा संबंध काय, हे मात्र उठून जाताना कोणालाच सांगता येत नाही.

मी कामगार संघटनेचा कार्यकर्ता आहे. माझे शिक्षण थोडे कारखान्याच्या फाटकावर आणि थोडे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. अर्थशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. म्हणून जगाचा हिशेब मांडण्याच्या भरीस न पडता मी हा वाद आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासातून मांडणार आहे. नाशिकरोडचा तुरुंग, मनमाडचे जंक्शन, निफाड तालुक्यातील खेरवाडी आणि सुरगाणा-पेठची जंगले या चार ठिकाणी हा वाद खऱ्या माणसांनी, खऱ्या अडचणीतून घातलेला आहे.

चारही ठिकाणी मी एकच कसोटी लावणार आहे. मालकी कोणाची, हा प्रश्न मोठा आहेच. परंतु जो राबतो त्याला अन्यायाच्या अटीला 'नाही' म्हणता येते का, आणि 'नाही' म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी त्याची चूल पेटते का, हे पाहिल्याशिवाय समतेचा हिशेब पुरा होत नाही, असे माझे म्हणणे आहे.

तुरुंगातील चर्चा

१९३२-३३ चा काळ डोळ्यांपुढे आणावा. सविनय कायदेभंगाची चळवळ दडपली जात होती आणि तुरुंग भरले होते. जागतिक मंदीने शेतमालाचे भाव पार कोसळले होते. सावकाराचे व्याज आणि सरकारचा सारा मात्र जागच्या जागी होता. रशियात योजनाबद्ध उत्पादन चालले आहे, अशा बातम्या येत होत्या. अशा वेळी नाशिकरोडच्या तुरुंगात तरुण राजबंद्यांचा एक गट जमला. जयप्रकाश नारायण, मिनू मसानी, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, एस. एम. जोशी, नानासाहेब गोरे, एम. एल. दांतवाला ही त्यांतली नावे.

ही माणसे एका साच्यातली नव्हती. जयप्रकाशजी सात वर्षे अमेरिकेत शिकून आलेले. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी त्यांनी कॅलिफोर्नियातील द्राक्षमळ्यांत मजुरी केली होती. मसानी सधन पारशी घराण्यातले, लंडनला शिकलेले बॅरिस्टर. अच्युतरावांनी काशीच्या हिंदू विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवले होते. एस. एम. गरिबीत वाढलेले. मेहता आणि दांतवाला तर पंचविशीच्याही आतले. स्वराज्य मिळाले तरी जमीनदार, संस्थानिक आणि गिरणीमालक जागच्या जागी राहिले तर कुणब्याला आणि कामगाराला काय मिळणार, हा त्यांचा प्रश्न होता.

त्याच तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. आईच्या मायेचे पुस्तक म्हणून आपण ते वाचतो आणि ते तसे आहेच. पण कर्जात बुडत गेलेल्या घराची हकीकत म्हणूनही ते एकदा वाचून पाहावे. एकाच तुरुंगात काही जण विषमतेचा शास्त्रार्थ करीत होते आणि एक शिक्षक ती विषमता स्वयंपाकघरात कशी शिरते ते लिहून काढीत होता.

या चर्चांतून जो आराखडा तयार झाला, त्यातून १९३४ च्या मे महिन्यात पाटण्याला आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि ऑक्टोबरात मुंबईत काँग्रेस समाजवादी पक्षाचे पहिले अखिल भारतीय अधिवेशन झाले. जयप्रकाशजी सरचिटणीस झाले, मसानी सहचिटणीस. सर्व सत्ता उत्पादक जनतेकडे, प्रमुख उद्योग समाजाच्या मालकीचे, जमीनदारी व संस्थाने रद्द, जमिनीची फेरवाटणी, शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या कर्जातून मुक्तता, हा त्यांचा कार्यक्रम. भारतीय समाजवादाच्या या प्रवाहाचा उगम शोधायचा तर आपल्याच शहराच्या वेशीवर यावे लागते.

तुरुंगाबाहेरचा प्रश्न

परंतु त्याच दिवसांत, तुरुंगापासून तीन-एक कोसांवर, गोदाकाठी दुसरा एक लढा चालू होता. १९३० च्या मार्च महिन्याच्या २ तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. आपल्या जिल्ह्यातले दादासाहेब गायकवाड त्याचे आधारस्तंभ होते. पुढे काही वर्षे तो रेंगाळत, मार खात, पुन्हा उभा राहत चालला. दार उघडले नाही, आणि १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

आता समाजवादी कार्यक्रम आणि हा सत्याग्रह शेजारी ठेवून पाहा. तुरुंगातले तरुण म्हणत होते, भांडवलदार आणि कामगार असे दोन वर्ग आहेत. काळारामाच्या दारात उभी असलेली माणसेही बहुतेक मजूरच होती. पण त्यांना अडवायला जे उभे होते ते सगळे काही भांडवलदार नव्हते.

हा मुद्दा कामगारांपुढे उघडपणे मांडला गेला तोही आपल्याच जिल्ह्यात. १९३८ च्या फेब्रुवारीत १२ व १३ तारखांना मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षपदावरून बाबासाहेबांनी सांगितले की कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एक विशिष्ट जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, आणि ती सर्व जातींत शिरलेली आहे, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले. त्यांनी दाखले दिले ते रोजच्या कामाचे. रेल्वेत अस्पृश्याला गँगमन म्हणूनच आयुष्य काढावे लागे. त्याला साधा हमालही करीत नसत, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरचे कामही करावे लागे. मुंबईच्या गिरण्यांतही विणाई खात्यात मजुरी जास्त होती, आणि नेमके तेच खाते अस्पृश्यांना बंद होते. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून स्पृश्य कामगारांनाच ते चालत नसे.

श्रोतेहो, कामगार चळवळीतल्या माणसाला हे ऐकताना मान खाली घालावी लागते. गिरणी मालकाची; पण विणाई खात्याच्या दारावरचा पहारा कामगाराचा. मालकी उद्या समाजाची झाली तरी हा पहारा आपोआप उठणार नव्हता. विषमता वरून खाली लादली जाते तशी ती शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडूनही राखली जाते, हा मनमाडचा धडा आहे.

याचा अर्थ बाबासाहेब भांडवलशाहीच्या बाजूचे होते असा मुळीच नव्हे. त्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाविरुद्ध मुंबईत जो एक दिवसाचा संप झाला, त्यात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. पुढे १९४७ साली त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन लिहिले. प्रमुख उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, आणि ही व्यवस्था संविधानातच लिहून ठेवावी, म्हणजे बदलत्या बहुमताच्या लहरीवर ती राहणार नाही, असे त्यांनी त्यात सुचवले. शिवाय हे सगळे हुकूमशाहीने नव्हे, संसदीय लोकशाहीने. राज्याने आर्थिक व्यवहारातून हात काढून घेतला की जे स्वातंत्र्य उरते ते खंड वाढवणाऱ्या जमीनदाराचे आणि मजुरी कापणाऱ्या मालकाचे असते. ज्याच्या पोटाला उद्याची खात्री नाही तो नोकरीसाठी आपले हक्कही सोडून देतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. माझी कसोटी मी तिथूनच घेतली आहे.

दादासाहेब गायकवाडांनी हाच प्रश्न जमिनीच्या अंगाने पुढे नेला. १९५९ साली महाराष्ट्रात आणि १९६४-६५ साली देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना कसायला द्या, ही मागणी घेऊन लाखो माणसे तुरुंगात गेली. देवळाच्या दारात उभी राहिलेली चळवळ तीस वर्षांनी शेताच्या बांधावर येऊन उभी राहिली, आणि दोन्हीकडे सेनापती आपल्याच जिल्ह्यातले होते.

वाटा फुटल्या

आता पुन्हा तुरुंगातल्या मित्रांकडे वळू. एकत्र स्वप्न पाहिलेली ही माणसे पुढे कुठे कुठे गेली, हे पाहणे फार उद्बोधक आहे.

मसानी रशिया पाहून आलेले होते. १९३६ ते १९३८ या काळात स्टालिनने जुन्या क्रांतिकारकांवर जे खटले चालवले आणि त्यांना देहान्त शिक्षा दिल्या, त्यांनी त्यांचे मन उडाले. १९३९ साली त्यांनी पक्ष सोडला, आणि १९५९ साली राजाजींबरोबर स्वतंत्र पक्षाच्या उभारणीत ते अग्रभागी होते. समाजवादाचा सहचिटणीस खाजगी उद्योगाचा खंदा पुरस्कर्ता झाला. त्यांना संधिसाधू म्हणणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. ज्या राज्यात मालक एकच, आणि न्यायाधीश, पोलीस व संपादक त्याचेच, तिथे कामगाराने 'नाही' कोणाला म्हणायचे, हा त्यांचा प्रश्न खरा होता.

जयप्रकाशजींनाही हीच शंका छळीत होती. १९४८ च्या मार्चमध्ये समाजवादी पक्षाचे अधिवेशन आपल्या नाशिकमध्ये भरले. काँग्रेसच्या आत स्वतंत्र घटनेचा दुसरा पक्ष चालणार नाही, असा नियम फेब्रुवारीत झाला होता, म्हणून काँग्रेस सोडण्याचा निर्णय इथे झाला. गांधीजींची हत्या होऊन दोन महिनेही झाले नव्हते. साध्याइतकीच साधनेही शुद्ध हवीत, हा विचार जयप्रकाशजी आता आग्रहाने मांडू लागले होते. जिथे समाजवादाचा आराखडा आखला त्याच नाशिकला, पंधरा वर्षांनी, त्या आराखड्याला लोकशाहीची अट अशी बांधली गेली. पुढे १९५४ साली त्यांनी सर्वोदयाला जीवनदान दिले. मसानी बाजाराकडे गेले, जयप्रकाशजी ग्रामराज्याकडे. दोघेही पळत होते ते एकाच गोष्टीपासून. सगळी सत्ता एका मुठीत येणे त्यांना नको होते.

अशोक मेहतांनी १९५० साली मुंबईच्या गिरणी कामगारांचा बोनससाठी सुमारे दोन महिने चाललेला संप चालवला, आणि १९६३ साली ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. दांतवाला अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९६५ साली नेमलेल्या कृषी मूल्य आयोगाचे ते पहिले अध्यक्ष. त्यांच्या हातचा आणखी एक कागद मला महत्त्वाचा वाटतो. गांधीजींच्या विश्वस्तवृत्तीच्या कल्पनेला व्यवहाराचे रूप देणारा मसुदा दांतवालांनी केला आणि गांधीजींनी तो दुरुस्त केला. विश्वस्तवृत्ती म्हणजे श्रीमंतांच्या दयेवर विसंबणे, असे आपण समजतो. पण त्या मसुद्यात किमान वेतनाबरोबर कमाल उत्पन्नाचीही मर्यादा ठरवावी, आणि दोहोंतले अंतर कमी होत जावे, असे स्पष्ट म्हटले आहे. पहिल्या अर्ध्याचा आपण कायदा केला, १९४८ साली. दुसऱ्या अर्ध्याचे आपण नाव काढीत नाही.

आणखी एक मौज सांगतो. राज्याने उद्योग काढावेत ही मागणी एकट्या समाजवाद्यांची नव्हती. १९४४ साली टाटा, बिर्ला प्रभृती उद्योगपतींनीच पंधरा वर्षांची दहा हजार कोटी रुपयांची मुंबई योजना मांडली, आणि तीत राज्याच्या मोठ्या सहभागाची अपेक्षा धरली. ज्यात भांडवल पुष्कळ लागते आणि नफा उशिरा येतो ते काम राज्याने करावे, हे त्यांना मान्यच होते. मग १९५६ च्या औद्योगिक धोरणात पोलाद, वीज, अवजड यंत्रे सरकारी क्षेत्रात गेली, त्यात समाजवादाचा वाटा किती आणि भांडवलाच्या सोयीचा किती, याचा विचार आपणच करावा.

सरकार मालक झाले तेव्हा

सरकारी मालकी म्हणजे समाजवाद, अशी समजूत अजूनही पुष्कळांची आहे. नाशिककरांची तरी असू नये. नाशिकरोडचा शासकीय छापखाना इंग्रजी अमदानीतच उभा राहिला; तिकिटे आणि पुढे नोटाही इथे छापल्या जाऊ लागल्या. मालक सरकार, आणि ते सरकार साम्राज्याचे! जी. आय. पी. रेल्वे १९२५ साली सरकारने ताब्यात घेतली, आणि पाच वर्षांच्या आत, १९३० च्या फेब्रुवारीत, तिच्या कामगारांना संप करावा लागला.

बरे, ते परके सरकार होते म्हणावे, तर १९७४ पाहा. ८ मे रोजी देशातील लाखो रेल्वे कामगार संपावर गेले. बोनस आणि कामाचे तास ह्या मुख्य मागण्या होत्या. संप वीस दिवस चालला आणि मोडून काढला गेला. हजारो अटकेत गेले, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. संपाचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस समाजवादी होते. संप मोडणारे सरकारही स्वतःला समाजवादीच म्हणवीत होते, आणि त्याच सरकारने १९७६ साली ४२ व्या दुरुस्तीने संविधानाच्या प्रास्ताविकेत 'समाजवादी' हा शब्द घातला. तुरुंगात बसून तो शब्द वाचणाऱ्या कामगाराला काय वाटले असेल? मात्र पुढचेही सांगितले पाहिजे. आणीबाणी उठली, निवडणुका झाल्या, सरकार बदलले आणि १९७९ साली रेल्वे कामगारांचा बोनस मान्य झाला. सरकारी मालकीने जे दिले नाही ते मतपेटीने आणि चिवट संघटनेने दिले.

मुंबईच्या गिरण्यांची कथा आपल्या सर्वांच्या नात्यागोत्यात आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार संपावर गेले. १९८३ च्या ऑक्टोबरात तेरा गिरण्यांचा कारभार केंद्र सरकारने हाती घेतला. पुढे काय झाले? खाजगी गिरण्यांच्या जमिनी मालकांनी विकल्या, आणि सरकारी गिरण्यांच्या जमिनी २००५ साली सरकारी महामंडळाने विकल्या. कापड विणणे मात्र थांबले नाही. भिवंडीला, इचलकरंजीला आणि आपल्या मालेगावला यंत्रमागांवर ते चालूच राहिले. फरक एवढाच की तिथल्या विणकराला ना गिरणीतला पगारपत्रक मिळाला, ना भविष्यनिर्वाह निधी, ना संपाचा हक्क बजावण्याइतकी संघटना.

सरकारी क्षेत्राचे श्रेयही मोकळेपणाने द्यावे. १९६४ पासून ओझरला विमानांचा कारखाना उभा राहिला. खेड्यातला मुलगा तिथे फिटर झाला, राखीव जागेमुळे दलित आणि आदिवासी घरांतली माणसे कारागीर आणि अधिकारी झाली, वसाहत आली, शाळा आली. खाजगी मालकाने हे आपणहून केले असते असे मानायला इतिहासात फारसा आधार नाही. पण या सगळ्याची फळे ज्याला कायम नोकरी मिळाली त्यालाच मिळाली. दाराबाहेर राहिला त्याचे काय, हे मी पुढे सांगतो.

बाजाराच्या बाजूने

समाजवादावरची सर्वांत धारदार टीका आपल्या जिल्ह्यात कोणी उद्योगपतीने केली नाही. ती शेतकऱ्याने केली. शरद जोशी हे स्वित्झर्लंडमधील आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून परतले आणि चाकणजवळ कोरडवाहू शेती करू लागले. १९८० च्या नोव्हेंबरात त्यांच्या शेतकरी संघटनेचे कांदा-उसाचे आंदोलन नाशिक जिल्ह्यात पेटले. रस्ते आणि रेल्वे अडवल्या गेल्या, माणसे हजारोंनी तुरुंगात गेली, आणि खेरवाडीला गोळीबारात शेतकरी मृत्यू पावले.

जोशींचे म्हणणे असे की शहराला स्वस्त अन्न आणि कारखान्याला स्वस्त कच्चा माल मिळावा म्हणून सरकार जाणूनबुजून शेतमालाचे भाव पाडते. लेव्ही, निर्यातबंदी, जिल्हाबंदी ही त्याची हत्यारे. गरिबांच्या नावाने चाललेल्या या समाजवादाचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून होतो. म्हणून पुढे त्यांनी खुल्या बाजाराचा उघड पुरस्कार केला आणि १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढला. मसानींच्या पक्षाच्या नावाचा प्रतिध्वनी अशा रीतीने निफाड-लासलगावच्या शिवारात उमटला.

या म्हणण्यात मोठे तथ्य आहे, हे आम्हा कामगारांना आवडो न आवडो. आमच्या महागाई भत्त्याचा निर्देशांक खाली राहावा म्हणून कांद्याचा भाव पडला तर आम्ही खूश होतो, आणि गावाकडचा आमचाच भाऊ बुडतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले आणि डिसेंबरात निर्यातबंदीच आली. तेव्हा राज्य समाजवादाचे नव्हते. उदारीकरणाला तीस वर्षे उलटून गेली होती. शेतकऱ्याला 'नाही' म्हणता येऊ नये, ही सोय दोन्ही राजवटींनी सारखीच जपली.

पण खुल्या बाजाराचीही एक बाजू आहे. भाव मिळाला म्हणजे तो बागाइतदाराला मिळाला. त्याच्या बांधावर कांदा काढणारी, द्राक्षाची विरळणी करणारी मजूर बाई त्या भावात कुठे आहे? तिच्या मजुरीसाठी रास्ता रोको झालेला मी तरी पाहिला नाही. आणि नाशवंत माल घेऊन बाजार समितीत उभा असलेला अल्पभूधारक पुरता स्वतंत्र आहे असे कोण म्हणेल? ट्रॅक्टरमधला कांदा रात्रीत सडणार असेल तर व्यापाऱ्याला 'नाही' म्हणण्याचे स्वातंत्र्य कागदावरच राहते.

१९६३ साली लोकसभेत डॉ. लोहियांनी सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात असे सांगून खळबळ उडवली होती. पंडित नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा दिला आणि देशभर वाद झाला. त्यानंतर उत्पादन कितीतरी पटींनी वाढले, उपासमारीचे दारिद्र्य पुष्कळ घटले, आणि १९९१ नंतर घटण्याचा वेगही वाढला. हे बाजाराचे यश नाकारण्यात अर्थ नाही. परंतु २०२४ साली काही अर्थशास्त्रज्ञांनी शंभर वर्षांच्या आकड्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यानुसार देशाच्या उत्पन्नात सर्वांत वरच्या एक टक्का लोकांचा वाटा १९८२ च्या सुमारास सहा टक्के होता. २०२२-२३ साली तो २२.६ टक्के झाला, आणि संपत्तीत तर ४० टक्क्यांवर गेला. या आकड्यांच्या पद्धतीवर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण दिशा कोणती आहे याबद्दल फारसा संशय राहत नाही. १९८२ हे गिरणी संपाचे वर्ष होते, हेही लक्षात ठेवावे.

नाही म्हणण्याचे बळ

मग तात्पर्य काय? दोन्ही पंथांतले दोष मोजून मध्ये उभे राहणे मला पसंत नाही. 'नाही' म्हणण्याचे बळ राबणाऱ्याला कशाकशाने मिळाले, ते इतिहासातून वेचून घ्यावे.

पहिले, पायाखालची जमीन. १९७२-७३ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला गेली. त्यातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना महाराष्ट्रात रुजली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि शहरातल्या पगारदाराने व्यवसायकर भरून तिचा भार उचलला. मजुरी बेताचीच होती, कामात गैरप्रकारही झाले. पण हमीचे काम जवळ असले की गावच्या सावकाराकडे आणि जमीनदाराकडे मिळेल त्या मजुरीवर जाणे भाग नसे. बाईच्या हातात तिच्या नावाची मजुरी पडू लागली. २००५ साली हीच कल्पना देशाच्या कायद्यात गेली.

दुसरे, संघटना. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून शेतकऱ्यांचा मोर्चा किसान सभेच्या लाल झेंड्याखाली मुंबईकडे पायी निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे आदिवासी त्यात बहुसंख्य होते. सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला ते आझाद मैदानावर पोचले. दहावीची परीक्षा असलेल्या मुलांना अडथळा नको म्हणून शेवटची मजल त्यांनी रात्रीच चालून संपवली. त्यांची मुख्य मागणी २००६ च्या वनहक्क कायद्याची, कसत असलेली वनजमीन नावावर करण्याची होती. जंगल इंग्रजांच्या काळापासून सरकारी मालकीचे. सरकारी मालकीचा अनुभव त्या आदिवासींइतका कोणाला नाही; त्यांच्या दृष्टीने मालक म्हणजे गार्ड. म्हणून लाल झेंड्याखाली चालणारा माणूस मागत होता काय, तर स्वतःच्या नावाचा सातबारा! पुस्तकातल्या व्याख्येत हे बसत नसेल. माझ्या कसोटीत ते चोख बसते. सरकारने लेखी आश्वासन दिले, आणि ते पुरे व्हावे म्हणून २०१९ आणि २०२३ साली त्यांना पुन्हा चालावे लागले.

तिसरे, वरची मर्यादा. संपत्तीचा डोंगर एका बाजूला वाढत गेला की तो पैशापुरता राहत नाही. तो वर्तमानपत्र विकत घेतो, निवडणूक विकत घेतो, आणि मग मतपेटीने मिळालेले 'नाही' हळूहळू मुके होते. मसानींना राज्याच्या मुठीचे भय होते, ते रास्त होते. ती मूठ खाजगी असली म्हणून भय कमी होत नाही. दांतवालांच्या मसुद्यातला अर्धा राहिलेला विचार पुन्हा हातात घेण्याची वेळ आली आहे. सर्व भिन्न वाटांनी गेलेल्या त्या तुरुंगातल्या मित्रांना तो बहुधा मानवला असता.

आणि शेवटी दाराबाहेरचा माणूस. आज औद्योगिक वसाहतीत एकाच पाळीत, एकाच यंत्रावर दोघे उभे असतात. एक कायम, दुसरा कंत्राटी. काम एक, घाम एक, पगार वेगळा. कंत्राटी कामगारांसाठी १९७० साली कायदा झाला. मी चळवळीत आल्यापासून पाहतो आहे, त्या कायद्याला वळसा घालण्याच्या वाटा खाजगी मालकाला जशा सापडल्या तशाच सरकारी खात्यांनाही. पण मनमाडचा धडा मी इथे आमच्याच लोकांना आठवण करून देतो. कंत्राटी कामगाराला युनियनचे सभासद करून घ्यायला पुष्कळदा आड कोण येते? आमचा कायम कामगारच येतो. विणाई खात्याचा पहारा नव्या फाटकावर बसला आहे. तो उठवणे हे मालकाचे काम नव्हे, सरकारचेही नव्हे. ते आमचे आहे, आणि ते केल्याशिवाय समाजवादाचे नाव घेण्याचा आम्हाला अधिकार पोचत नाही.

बंधुभगिनींनो, पुढच्या वेळी कोणी आपल्याला भांडवलशाहीचे किंवा समाजवादाचे गुण सांगू लागला, तर ते शांतपणे ऐकून घ्या आणि एवढेच विचारा : तुमच्या व्यवस्थेत यंत्रमागावरचा विणकर, द्राक्षमळ्यातली बाई, सुरगाण्याचा आदिवासी आणि फाटकावरचा कंत्राटी कामगार यांना 'नाही' म्हणता येईल का? ज्याला या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येईल त्याच्याशी पुढे बोलावे.